जोडव्यांना नेलपॉलिश

माळशेज घाट लागायच्या आधी फिरतीच्या आत्या एका पेट्रोल पंपावर गाडी थांबवायच्या, पिशवीतून नेलपॉलिशची बाटली काढायच्या आणि साठी-सत्तरीच्या बायकांच्या पायांशी बसून रंगकाम सुरू करायच्या. नखांचं नाही, जोडव्यांचं. एकेक जोडवं वरून, खालून, कडेनं गुलाबी करून झालं की त्यावर फुंकर मारायच्या आणि पुढच्या सीटकडे सरकायच्या. हा प्रकार मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलंय आणि आपण चुकीच्या गाडीत बसलोय.

कारण अगदी साधं होतं. गाडी निघालेली असायची वज्रेश्वरीला, अकलोलीच्या गरम कुंडांवर. त्या पाण्यात गंधक असतं आणि गंधकाच्या पाण्यात चांदी काळी पडते. आमच्याकडच्या बायका जीव गेला तरी नवरा जिवंत असताना जोडवी काढणार नाहीत, आणि काळं जोडवं म्हणजे नवऱ्याच्या जिवाला अपशकुन, म्हणून काळी पडलेली जोडवी घेऊन उंबऱ्याच्या आतही येणार नाहीत. मग गुडघे शेकायला एवढ्या लांब जायचं आणि पाय वर घेऊन काठावर बसायचं, असं चाललं होतं. आत्यांनी स्वतःच्या डोक्यानं त्यावर हा तोडगा काढला. पॉलिशचा थर दिला की पाणी चांदीला लागत नाही. परतीच्या वाटेवर त्याच पंपावर कापसाचा बोळा आणि रिमूव्हर घेऊन हाच कार्यक्रम उलटा व्हायचा. मी एकदा शहाणपणानं सुचवलं होतं, की बिनरंगाचंही पॉलिश मिळतं, ते लावा म्हणजे म्हाताऱ्या लाजणार नाहीत. त्यावर त्या म्हणाल्या, "मंगल, बिनरंगाचं लावलं तर कुणाचं ऱ्हायलं ते मला कसं दिसंल?"

आत्या आमच्या कळंबच्याच. गावची लेक, म्हणून सगळ्या गावाच्या आत्या. दिल्या अवसरी खुर्दला. नवरा तरुणपणीच गेला, तेव्हा पदरात एक मुलगा होता. तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांसाठी त्यांनी मेस काढली आणि मुलगा शिकवला. त्याला नाशिकला नोकरी लागली तशी मेस बंद करून त्या माहेरी येऊन राहिल्या. मेसची पोरं एकदा त्यांना नाणेघाटाला घेऊन गेली होती. हेतू निर्मळ नव्हता, वर डोंगरात पिठलं-भाकरी कोण करणार हा प्रश्न होता. आत्यांनी स्टोव्ह पेटवला आणि सहज कड्याकडे पाहिलं, तर धबधब्याचं पाणी खाली पडायच्या ऐवजी वाऱ्यानं उलटं वर येत होतं. भाकरी करपली. त्यांचं म्हणणं असं, की आयुष्यात करपलेली ती एकच भाकरी. घरी आल्यावर त्यांनी जी भेटेल तिला विचारायला सुरुवात केली: हे एवढं सगळं आपल्या हाकेवर असताना आपल्याला कुणी दाखवलं का नाही?

त्यातून त्यांच्या सहली सुरू झाल्या. मिनीबस ठरवायची, गावातल्या आणि आजूबाजूच्या बायका गोळा करायच्या, पहाटे निघायचं आणि रात्री झोपायला आपापल्या अंथरुणावर यायचं. मुक्काम नाही. मुक्काम म्हटला की घरोघरी पुरुषांची तोंडं वाकडी होतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एका दिवसाला कुणी नाही म्हणत नव्हतं, सकाळची धार सुनेनं काढली आणि संध्याकाळची मुलानं, की झालं. त्यांचे नियम कडक असत. उसाच्या कडेला गाडी थांबणार नाही, बिबट्याला आपली ट्रिप माहीत नसते. उलटी होणारीनं पुढे बसायचं. कुठेही पोचलं की पाण्यात पाय घालायच्या आधी फोन, चष्मे आणि कवळ्या आत्यांच्या पिशवीत जमा करायच्या. आणि निघायची वेळ झाली की त्या टाळ्या वाजवून एकच वाक्य म्हणायच्या, "देव देवळात, आपण गाडीत. चला." मग समोर देव असो, धबधबा असो की कुणाची भजनाची ओळ अर्धी राहिलेली असो.

माहिती सांगण्याच्या बाबतीत मात्र त्यांच्यावर विसंबण्यात अर्थ नव्हता. मेसच्या पोरांकडून जेवता जेवता ऐकलेलं, त्यात स्वतःची भर. बोरी गावाजवळ कुकडी नदीच्या पात्रात पांढरट राखेचा थर आहे. फार फार पूर्वी लांबच्या समुद्रातल्या बेटावर ज्वालामुखी फुटला, त्याची राख उडून इथवर आली, असं शास्त्रज्ञ सांगतात. आत्या ते असं सांगायच्या, की समुद्रापल्याडच्या डोंगराला राग आला, त्यानं चूल लाथाडली आणि राख आली ती थेट आपल्या कुकडीत. एवढं बोलून त्या चिमूटभर राख घेऊन डब्याच्या झाकणाला घासून दाखवायच्या. झाकण लखलखायचं. ज्वालामुखीपेक्षा बायकांना त्याचंच कौतुक जास्त वाटायचं. ती राख एका छोट्या डबीत त्यांच्या पिशवीत कायम असे.

आहुप्याची गोष्ट मात्र त्यांच्या स्वभावाची. आहुप्याच्या देवराईतून पडलेली काटकीसुद्धा कुणी घरी आणत नाही. तिथल्या लोकांनी ते रान तसंच राखलंय म्हणून ते आहे. आमच्या आळीच्या गोदाकाकूंनी तिथे गारंबीची शेंग पाहिली, हातभर लांब. तिचं बी लहान मुलांच्या पोटदुखीला उगाळून देतात, म्हणून काकूंनी नातवासाठी ती हळूच पदराखाली घातली. परत येताना डिंभ्याच्या धरणाशी चहाला थांबलो आणि पदर सरकला. आत्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगितलं. ड्रायव्हर चिडला, बायका कुरकुरल्या, मला दुसऱ्या दिवशी दूध संघाच्या ऑफिसात लवकर हजर राहायचं होतं, मी तर जवळजवळ भांडलेच. आत्या म्हणाल्या, "त्या लोकांनी आपल्याला घरात बसवून पाणी दिलं. आपण त्यांच्या देवाचं चोरून न्हेतोय व्हय?" घाटाचा तो सगळा वळणावळणाचा रस्ता आम्ही पुन्हा चढलो. शेंग झाडाखाली ठेवून काकू परत आल्या त्या तोंड फुगवूनच. त्यानंतर कितीतरी दिवस त्या आत्यांशी तुसड्यासारख्या बोलायच्या. पण पुढच्या ट्रिपला सगळ्यात आधी नाव त्यांचंच होतं.

मला स्वतःला सहलींची अजिबात हौस नाही. सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून, दुसऱ्यांच्या डब्यातले लाडू खात, खिडकीसाठी भांडणाऱ्या बायकांबरोबर धबधबा बघण्यात काय सुख आहे ते मला आजही नीट कळलेलं नाही. मी जायची ती सासूबाईंची सोबत म्हणून. त्यांना गाडी लागते आणि एकटं जायला भीती वाटते. बाकी जायचं मात्र असतंच.

ज्या वज्रेश्वरीच्या ट्रिपची गोष्ट सांगायची आहे त्या वेळी आमच्या घरावर वेगळंच सावट होतं. माझे सासरे, अण्णा, यांना छातीत दुखू लागलं होतं. पुण्याच्या डॉक्टरांनी बायपास सांगितली. सोमवारी दाखल व्हायचं ठरलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, की आता पुढे ढकलू नका, पुढच्या झटक्याला आपल्या हातात काही राहणार नाही. आणि अण्णा तर पुढे ढकलायला टपलेले. तसा माणूस धीट. बिबट्या गोठ्याशी आला तेव्हा काठी घेऊन एकटे बाहेर गेले होते. पण सुईचं नाव काढलं की घाम फुटायचा. आधी म्हणाले, कांदा काढून होऊ दे. मग म्हणाले, अमावास्या जाऊ दे. माझ्या नवऱ्यानं कसंबसं त्यांना तयार केलं होतं. कुणी नुसतं "नको" म्हणायचा अवकाश, की अण्णा खाटेवरून उठून शेतात गेले असते.

सासूबाईंनी वज्रेश्वरीला बोलून ठेवलं होतं, की ऑपरेशनच्या आधी येऊन ओटी भरीन. आत्यांची ट्रिप नेमकी शनिवारी होती. अण्णाही म्हणाले, जाऊन ये. आत्यांच्या दृष्टीनं अण्णा म्हणजे भाऊच. आळी एक, लहानपण एक. सासूबाई त्यांना वन्सं म्हणायच्या, त्या सासूबाईंना वैनी.

पंपावर रंगकाम झालं. सासूबाईंची जोडवी आत्यांनी स्वतः रंगवली, मी पाहिलं. देवीचं दर्शन झालं, ओटी भरली आणि आम्ही अकलोलीच्या कुंडांवर आलो. बायका लुगडी आवरून पाण्यात उतरल्या. आत्या नेहमीप्रमाणे काठावर, मांडीवर पिशवी घेऊन. इतक्या वर्षांत त्यांना कुणी कुंडात उतरलेलं पाहिलं नव्हतं. सगळ्यांचं सामान सांभाळायला कुणीतरी कोरडं पाहिजे, असं म्हणायच्या. सासूबाई बराच वेळ गळ्याइतक्या पाण्यात डोळे मिटून बसल्या होत्या. कित्येक आठवड्यांत त्यांचा चेहरा इतका मोकळा झालेला मी पाहिला नव्हता.

त्या बाहेर आल्या, पायरीवर बसून पाय पुसायला लागल्या, आणि एकदम थांबल्या. त्यांची जोडवी काळीठिक्कर पडली होती. बाजूला गोदाकाकू पाय पुसत होत्या, त्यांची गुलाबी. पलीकडच्या बाईची गुलाबी. सगळ्यांचे पाय गुलाबी आणि यांचेच काळे.

मी म्हटलं, आई, पॉलिश कुठे गेलं? तर त्यांनीच ते घाटात माझा डोळा लागल्यावर केसांच्या आकड्यानं खरवडून काढलं होतं. घरात माणूस आजारी पडलेला आणि आपण या वयात पायाला रंग लावून देवीपुढे उभं राहायचं, त्यांना लाज वाटली होती. आत्यांना वाईट वाटू नये म्हणून बोलल्या नव्हत्या, आणि लुगड्याच्या घोळात पाय कुणाला दिसले नव्हते. मी सुटकेचा श्वास सोडला. म्हटलं, मग झालं तर, पॉलिश नव्हतं म्हणून पाणी लागलं आणि चांदी काळी पडली, यात घाबरण्यासारखं काही नाही. गंधक म्हणजे काय, चांदीवर त्याचा थर कसा बसतो, सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पॉलिश मलाबी लावलं व्हतं. ते माझ्याच हातनं का निघालं, तेवढं सांग."

मग त्या आत्यांकडे वळल्या. रडत नव्हत्या, ते जास्त वाईट होतं. म्हणाल्या, "वन्सं, माझा फोन द्या. ह्यांना सांगते, सोमवारी जायचं न्हाई. देवीनं दाखवलंय मला."

तो फोन हातात गेला असता तर सगळं संपलं होतं. अण्णांनी दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नसतं. मी आत्यांकडे पाहिलं. त्यांनी पिशवीचं तोंड मुठीत आवळून धरलं आणि म्हणाल्या, फोन देते, पण थोडं थांबा. मग त्यांनी कापूस आणि रिमूव्हर बाहेर काढलं आणि बायकांना म्हणाल्या, सगळ्यांनी आपापलं पॉलिश पुसा आणि पाय परत पाण्यात घाला.

कुणी हललं नाही. चांदी का काळी पडते हे त्यातल्या प्रत्येकीला माहीत होतं, म्हणून तर पॉलिश लावून घेत होत्या. पण माहीत असणं वेगळं आणि समोर एक बाई नवऱ्याच्या जिवासाठी अशी पांढरीफटक पडलेली असताना आपण होऊन जोडवी काळी करून घेणं वेगळं. एकीनं कापसाचा बोळा हातात घेतला आणि तसाच धरून बसली. शेवटी गोदाकाकू बोलल्या. रागानं नाही, पण बोलल्या. "तुमाला काय आत्या. तुमचं काय जायचं ऱ्हायलंय?"

मला वाटलं, आता आत्या कोसळणार. पण त्यांनी कमरेचा बटवा सोडला आणि त्यातून मलमलच्या कापडाची एक लहानशी पुरचुंडी काढली. आत जोडवी होती. त्यांची. त्यांनी ती सासूबाईंच्या हातावर ठेवली.

"मालक गेलं त्या दिशी बायकांनी माझ्या बोटांतनं काढली ही," आत्या म्हणाल्या. "बघा वैनी, कशी पांढरीधोप हायेत. त्या दिशीबी अशीच व्हती. चांदीला काय कळत असतं, तर मला आदल्या दिशी सांगायला नको व्हतं का?"

सासूबाईंनी ती जोडवी उलटसुलट करून पाहिली. खरंच नव्यासारखी होती. आत्यांनी ती परत घेतली, साडी गुडघ्यापर्यंत खोचली आणि आमच्या देखत पहिल्यांदा कुंडाच्या पायरीवर उतरल्या. जोडवी मुठीत धरून त्यांनी हात पाण्यात घातला आणि तशाच उभ्या राहिल्या.

सगळ्यात आधी उठल्या त्या गोदाकाकू. बोळा ओला केला, खसाखसा चारी जोडवी पुसली आणि पाण्यात पाय सोडून बसल्या. म्हणाल्या, "आमच्या मालकाला काय व्हत न्हाई. मला पोचवल्याबिगर ते जायचं न्हाईत." कुणीतरी हसलं, आणि मग एकेक बाई बोळा मागू लागली. थोड्या वेळात कुंडाच्या कडेला बायकांची रांग, सगळ्यांचे पाय पाण्यात. कुणाचा नवरा शेतात होता, कुणाचा मंचरला बाजार समितीत, कुणाचा घरी नातवंडं सांभाळत होता. प्रत्येकीच्या मनात त्या वेळी त्याचंच नाव असणार. माझ्या मनात तरी होतं. गंधकावर एवढं भाषण ठोकलेली मी, पाय बुडवताना आमचे हे आज मोटरसायकल घेऊन कुठे निघाले असतील, हेच आठवत होते.

आत्यांनी हात वर काढला. त्यांची जोडवी करडी झाली होती आणि बघता बघता आणखी काळवंडली. मग आम्ही पाय वर घेतले. सासूबाईंनी आत्यांच्या पिशवीतून आपला चष्मा मागून घेतला आणि रांगेच्या एका टोकापासून सुरुवात केली. एकेकीसमोर वाकून, पाऊल हातात धरून पाहिलं. जिची थोडी उजळ राहिली होती ती बाई ओशाळून म्हणाली, अजून जरा बुडवू का? सासूबाई रांगेच्या दुसऱ्या टोकाला पोचल्या तेव्हा मात्र रडत होत्या, आणि ते रडणं बघून मला इतकं बरं वाटलं, की मी तिथेच पायरीवर बसले.

"एवढ्या सगळ्यांचं कुंकू काय देवी एका दिशी पुसत न्हाई," त्या डोळे पुसत म्हणाल्या. मग त्यांनी फोन मागितला. आत्यांनी लगेच दिला. फोनवर अण्णांना त्या म्हणाल्या, की दर्शन छान झालं, ओटी भरली, आणि सोमवारी जायचंय तर उद्याच दाढी करून घ्या. पलीकडून अण्णा काहीतरी कुरकुरले असावेत. सासूबाईंनी आवाज चढवून सांगितलं, की जायचं म्हणजे जायचं. फोन पिशवीत परत गेला. आत्यांनी टाळ्या वाजवल्या. देव देवळात, आपण गाडीत.

परतीला पंपावर रिमूव्हरचं काम उरलं नव्हतं. आत्यांनी राखेची डबी काढली तर गोदाकाकूंनी त्यांचा हात धरला. म्हणाल्या, अण्णा घरी आल्याशिवाय कुणी घासायची नाहीत. हे कुणाला पटवून द्यावं लागलं नाही. घरी विचारलं तर काय सांगायचं, एवढीच चर्चा घाटभर चालली. बायकांनी त्या दिवसांत घरोघरी कायकाय सांगितलं असेल ते त्यांचं त्यांना माहीत.

ऑपरेशनच्या दिवशी मी आणि सासूबाई बाहेरच्या बाकावर बसून होतो. त्यांनी चप्पल काढून ठेवली होती आणि मान खाली घालून स्वतःच्या पायांकडे बघत होत्या. मी पण माझ्या पायांकडे बघत होते. डॉक्टर बाहेर आले, म्हणाले सगळं व्यवस्थित झालं. आनंदानं उड्या माराव्या असं नाही, तर खूप दिवस डोक्यावर घेतलेलं ओझं कुणीतरी उतरवून घ्यावं आणि मान आपोआप सरळ व्हावी, तसं झालं. मी आत्यांना फोन लावला. सगळ्या बायका सकाळपासून त्यांच्याच ओट्यावर बसून होत्या. बातमी सांगितली तर पलीकडे एकदम एवढा गलका झाला, की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

अण्णा घरी आले त्या दिवशी आमच्या अंगणात सगळ्या जमल्या. अण्णा खाटेवर, छातीला पट्टा, आणि समोर बायका गोल बसून बोरीच्या राखेनं जोडवी घासताहेत. त्यांनी विचारलं, हे काय चाललंय. गोदाकाकूंनी सांगितलं, की हळदीकुंकवाची तयारी. अण्णांना ते पटलं. बरं वाटत असलेल्या माणसाला सगळं पटतं. सासूबाईंनी आपली जोडवी घासून झाल्यावर डबी आत्यांपुढे केली. आत्या नको म्हणाल्या. सासूबाईंनी पुन्हा डबी पुढे केली, तेव्हा त्यांनी पुरचुंडीला हात लावला आणि हळूच म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या वैनी. मालकांनी मला कुठं न्हेलं न्हाई. त्यांची जोडवी तरी एवढी फिरून आली."

आत्या आता नाशिकला मुलाकडे असतात. ज्या गुडघ्यांसाठी त्यांनी गावच्या बायकांना गरम पाण्यात बसवलं, ते त्यांचे स्वतःचे मात्र कोरडे राहून कुरकुरायला लागले. जिना चढवत नाही. मुलगा न्यायला आला त्या दिवशी त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. आत नेलपॉलिश, कापूस, रिमूव्हर आणि राखेची डबी. मी म्हटलं, आत्या, मला सहलींची आवड नाही. त्या म्हणाल्या, "आवडणारीला दिली तर ती आपणच पाण्यात उतरंल. काठावर कोण बसंल?" मुलानं गाडी सुरू केली. मला रडायचं नव्हतं, पण रडले.

तेव्हापासून ट्रिपा मी नेते. पहाटे उठते, चिडचिड करते, पंपावर बायकांच्या पायांशी बसून जोडवी रंगवते आणि कुंडावर मांडीवर पिशवी घेऊन काठावर बसते. सासूबाई येतात. त्या पॉलिश लावून घेत नाहीत. मी बाटली घेऊन त्यांच्याजवळ गेले, की पाय मागे घेतात आणि म्हणतात, माझी होऊ देत काळी.

या वर्षी अण्णा पहिल्यांदाच आमच्याबरोबर आले. बायकांच्या गाडीत एकटा पुरुष, पण बसले ऐटीत. कुंडावर सासूबाई पाय पुसायला बसल्या तेव्हा त्यांना काळी जोडवी दिसली आणि ते एकदम घाबरले. मग सासूबाईंनी त्यांना सगळं सांगितलं. खरवडलेलं पॉलिश, मागितलेला फोन, रांगेनं बसलेल्या बायका. घरी पोचायच्या आधी जोडवी राखेनं घासलेली असायची, आणि त्यांना इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. अण्णांनी पलीकडे हसत-खिदळत पाण्यात बसलेल्या बायकांकडे पाहिलं.

"माझ्यापायी ह्यांनी आपापली माणसं पणाला लावली व्हय?" ते म्हणाले. आणि मग त्यांनी उगीचच ओंजळ भरून गरम पाणी तोंडावर मारून घेतलं.

मी तिथूनच आत्यांना फोन लावला. अण्णा काय म्हणाले ते सांगितलं, सासूबाईंची जोडवी अजून तशीच काळी होतात तेही सांगितलं. आत्या सगळं ऐकत होत्या. मग त्यांनी घसा खाकरला.

"ऊन कललं की गं," त्या म्हणाल्या. "बोलत काय बसलीस? देव देवळात, तुमी गाडीत. चला."